अनशापोटी दोन गोळ्या

माझ्या हातून एकाच दिवशी तीन माणसं बिटासारखी लाल झाली, आणि त्यांतला एक मी स्वतः होतो. कंपाउंडरकीत पस्तीस वर्षं काढली, औषधाच्या किती बाटल्या हलवून दिल्या त्याला गणती नाही. पण राहुरीतली जुनी माणसं भेटली की अजून त्या लालीचीच चौकशी करतात. बरा झालेला माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही. चूक मात्र गावाला तोंडपाठ असते. म्हटलं, दुसऱ्यांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगून टाकावी. मसाला निदान घरचा असेल.

कारण मी भिंगारच्या अत्ताराचा मुलगा. छावणीजवळच्या बाजारात वडिलांचं दुकान होतं. सनाय, गुलकंद, उन्नाब, सुंठ, ज्येष्ठमध असा सगळा पसारा. वडील पुडी बांधत, दोऱ्याला गाठ मारत आणि गाठीबरोबर एक वाक्यही बांधून देत : "सकाळी अनशापोटी." म्हणजे उठल्या उठल्या, काही खायच्या आत. खोकल्याची पुडी असो, पोटाची असो, वाक्य तेच. दुकानात बसून बसून ते माझ्याही जिभेवर असं चढलं, की एका बाईला ऊद बांधून देतानासुद्धा मी म्हणालो, "सकाळी अनशापोटी." बाई म्हणाली, "अरे मुडद्या, तो जाळायचाय."

पुढे मी राहुरीला एका डॉक्टरांच्या हाताखाली लागलो. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. भिंगारात लष्कराची वर्दळ, महागाई, आणि राहुरीत आमचा दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर पुण्याकडचे. उंच, किडकिडीत; सायकलवर बसले की सायकलच सायकलवर बसल्यासारखी वाटे. रागावले तरी आवाज चढायचा नाही, उलट उतरायचा. त्यामुळे त्यांचा आवाज अगदी खाली गेला की मी मनातल्या मनात कलमा म्हणायला लागायचो.

आता कंपाउंडर म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगायला हवं. डॉक्टर आत रोगी तपासत आणि चिठ्ठीवर चार ओळी खरडत. मी बाहेरच्या खिडकीशी त्या वाचून औषध तयार करी. रोगी बाटली घरून आणायचा. तिला कधी रॉकेलचा वास, कधी खोबरेलाचा. ती विसळायची, मिक्श्चर भरायचं, कागदाची पट्टी दुमडून कात्रीने खाचा पाडायच्या आणि बाटलीला चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. गोळ्यांची पुडी बांधायची. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे औषध कधी, कसं, कशाबरोबर घ्यायचं ते तोंडी समजावायचं, कारण दहांतल्या नवांना वाचता येत नसे. डॉक्टरांची सगळी विद्या शेवटी माझ्या तोंडातून बाहेर पडायची. घोटाळा झाला तो तिथेच.

त्या दिवसांत डॉक्टरांना जीवनसत्त्वांचं वेड लागलं होतं. कपाटाचा एक अख्खा कप्पा त्यांच्यासाठी : शार्क माशाच्या लिव्हरचं तेल, यीस्टच्या गोळ्या, लोहाचं मिक्श्चर, लिव्हरच्या अर्काची इंजेक्शनं. आमच्या लोकांचं शास्त्र सोपं होतं. अंगावर काहीही उठलं, चट्टा, खाज, पुटकुळी, की "काळजात उष्णता झाली", म्हणजे लिव्हर बिघडलं. द्या काहीतरी लिव्हरचं. डॉक्टर म्हणत, "दस्तगीर, प्रत्येक खाजेला लिव्हर जबाबदार नसतं. आधी हात बघ, मग जीभ बघ, मग विचार घरात काय शिजतं." मी हो म्हणायचो आणि विसरायचो.

देवळाली प्रवऱ्याच्या एका शिंप्याच्या कोपरांवर, खांद्यांवर बारीक काटे आले होते. कातडी नुसती बेडकाच्या पाठीसारखी. डॉक्टरांनी मासळीचं तेल लिहून दिलं. मी बाटली देताना म्हणालो, "कातडीसाठी फार उत्तम." प्यायचं आहे, हे सांगायचं राहिलं. त्याने ते आठ दिवस अंगाला चोळलं. नवव्या दिवशी आला तो मागे चार मांजरं घेऊन. म्हणाला, "भाई, दुकानात गिऱ्हाईक येत न्हाई, पर मांजरं हटत न्हाईत. माप घ्यायला लागलो की मांडीवर बसत्यात."

दुसरा एक पैलवान. लग्न ठरलं होतं, चेहऱ्यावर तेज हवं म्हणून लोहाचं मिक्श्चर नेलं. लोहाने शौचाला काळं होतं, हे नवशिक्या कंपाउंडरलाही ठाऊक असतं. मी सांगितलं नाही. दोन दिवसांनी तो सहा फुटी गडी दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडत होता. "भाई, माझं काळीज वितळून पडलं वो! लग्नाचं आता तुमीच कळवा त्यांना."

डॉक्टरांचा आवाज त्या दिवशी इतका उतरला की मला ओठांवरून वाचावा लागला. "औषध देताना तू जे बोलत नाहीस, त्याने माणसं घाबरतात." तेव्हापासून मी कानाला खडा लावला. प्रत्येक पुडीबरोबर, प्रत्येक बाटलीबरोबर, न चुकता सांगायचंच. आणि तिसरी चूक झाली ती सांगण्यातच.

त्या उन्हाळ्यात एका बाजारच्या दिवशी मुळा नदीपलीकडच्या कोरडवाहू गावातून एक बैलगाडी आली. पुढे म्हातारा, रामजीबाबा. गळ्यात तुळशीची माळ. मागे त्याची बायको भागूबाई, तिच्या कडेवर दीड वर्षाची नात. आणि सगळ्यांपासून हातभर लांब, गाडीच्या अगदी मागच्या टोकाला बसलेली सून, सोना. नवरा लढाईवर गेलेला. पोरगी आईकडे बघून हात पुढे करत होती आणि भागूबाई तिला दुसऱ्या कडेवर घेत होती.

सोनाचे हात मी खिडकीतूनच पाहिले. बांगड्यांच्या वर नीट, गव्हाळ. बांगड्यांच्या खाली जणू काळे मोजे चढवलेत. भेगा पडलेल्या, साल सुटलेली. पायांचं तेच. गळ्याभोवती काळपट पट्टा, काळी पोत घातल्यासारखा. जीभ लाल, सोललेली. पोट सारखं बिघडलेलं.

डॉक्टरांनी तिचे डोळे पदराने झाकायला लावले आणि हातावर कधी टाचणी, कधी कापसाचा धागा टेकवायला सुरुवात केली.

"टोचलं की सांग."

"करंगळीला. टोचतंय."

"आता?"

"आता कापूस हाय. अंगठ्याला."

एकदाही चुकली नाही. डॉक्टर म्हाताऱ्याकडे वळले. "बाबा, हा महारोग नाही. महारोगात चट्टे बधिर होतात. हिला कापसाचा धागासुद्धा कळतोय. याला पेलाग्रा म्हणतात. खाण्यात एक सत्त्व कमी पडलं की असं होतं. उन्हात राबलं की ऊन लागतं तेवढी कातडी जळते."

"खान्यात कमी?" रामजीबाबाचा अपमान झाला. "आमच्यात ज्वारीला तोटा न्हाई, डाक्टर."

"तेच. नुसती ज्वारी आहे."

"त्ये मला कळत न्हाई. गावात बोभाटा झालाय. पानवठ्यावर हिला येऊ देत न्हाईत. पोर हिच्या सासूपाशी ठिवलीय. पुढल्या बाजारापातूर वाट बघतो. उतार पडला न्हाई, तर नगरला महारोग्यांच्या आश्रमात न्हेऊन घालतो हिला. पोर आमच्यापाशी ऱ्हाईल."

सोना पोरीकडे बघत होती, आणि पोरगी तिच्याकडे.

डॉक्टरांनी मुंबईहून मोठ्या खटपटीने एक बाटली मागवली होती. निकोटिनिक ॲसिडच्या गोळ्या, त्या हरवलेल्या सत्त्वाच्या. लढाईत असली औषधं हाती लागणं म्हणजे नशीब. चिठ्ठी देताना ते मला म्हणाले, "जेवण झाल्यावर दोन, दोन्ही वेळेला. रिकाम्या पोटी नको. घेतल्यावर तासाभर माणूस लालबुंद होतो, अंगाची आग होते. धोका नाही, पण घाबरतात. नीट सांग."

मी मान डोलावली. नीट ऐकलं होतं. आजही शपथेवर सांगतो, नीट ऐकलं होतं.

म्हातारा-म्हातारी मीठ-मिरची घ्यायला बाजारात गेली. खिडकीशी एकटी सोना. मी गोळ्या मोजल्या, पुडी बांधली, दोऱ्याला गाठ मारली. आणि गाठ बसताक्षणी माझ्या तोंडातून माझे वडील बोलले : "सकाळी अनशापोटी दोन. संध्याकाळी दोन."

तिने ते दोनदा म्हणून घेतलं. "सकाळी अनशापोटी दोन." मी म्हणालो, "शाब्बास." लालीचं मात्र सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी एकादशी. डॉक्टर सायकल घेऊन देवळालीला एका बाळंतिणीला बघायला गेले होते. मी एकटा. सकाळपासून चहाच्या एका कपावर होतो. अकराच्या सुमाराला तीच गाडी दारात येऊन उभी राहिली. बैल फेसाळलेले. गाडीत एक गाठोडं. लुगड्याचं टोक बाहेर आलेलं. पोरगी नव्हती.

रामजीबाबाने गोळ्यांची पुडी खिडकीतून आत भिरकावली. "घ्या तुमच्या गोळ्या! काय केलंत ह्ये?"

मी सोनाकडे पाहिलं. हात तसेच, गळा तसाच. चेहरा रडून सुजलेला, बाकी काही नाही.

"काय झालं, बाबा? मला तर काही दिसत नाही."

"आता कुठनं दिसंल! आता उतरलं. सकाळी मिरची झालती, मिरची! कपाळापासनं छातीपातूर तांबडी. आग आग करत चुलीम्होरं लोळली. सगळी आळी गोळा झाली. कोन म्हनं देवी आली, कोन म्हनं इख घातलं."

भागूबाई म्हणाली, "मी म्हनते, रोगच उसळला. आतला भाईर आला."

"आता बाजाराची वाट कशाला बघू?" म्हातारा म्हणाला. "पोर शेजारनीपाशी ठिवलीय. आजच हिला नगरला घालून येतो. दिवस मावळायच्या आत पोचायला पायजे. डाक्टरास्नी सांगा, लई उपकार झाले."

मी खाली पडलेली पुडी उचलली. सकाळी. चुलीपुढे. म्हणजे काही खाल्लं नव्हतं. कालची खिडकी, कालची गाठ आणि कालचं वाक्य डोळ्यांपुढे उभं राहिलं. सोना खाली मान घालून उभी होती. तिला ते वाक्य पाठ होतं, आणि ती ते उच्चारत नव्हती.

खरं सांगून टाकायला हवं होतं. पण माझी अक्कल नेहमीप्रमाणे आडवाटेने चालली. म्हटलं, आधी म्हाताऱ्याला थांबवू; कबुलीचं बघू मागाहून.

"बाबा, ती लाली रोगाची नाही. गोळीची आहे. खोटं वाटतं? मी खाऊन दाखवतो."

दोन पुरल्या असत्या. फुशारकीत चार घेतल्या आणि बाकावर बसलो, अमीरासारखा पायावर पाय टाकून. मी तेव्हा गोरा होतो. आता हे मानून घ्यायला हरकत नाही, कारण पडताळून पाहायला कुणी उरलेलं नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. काही नाही.

"ह्ये तर हाय तसंच हाय," भागूबाई म्हणाली. "चला वो, बैलं उनात हायेत."

"थांबा, मावशी, आत्ता होईल," मी म्हणालो. आयुष्यात आजारी पडायची इतकी घाई मला कधी झाली नव्हती.

मग कान तापले. कानांतून ती आग गालांवर उतरली, मानेवर, छातीवर. हजार मुंग्यांनी एकदम मिरवणूक काढावी तशी. धोका नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही मी पायावरचा पाय काढला, सदऱ्याची बटणं सोडली आणि दोन्ही हातांनी खाजवत "या अल्ला, या अल्ला" करत दवाखानाभर फिरायला लागलो. भिंतीवर आरसा होता. त्यात जे दिसलं त्याला मीच सलाम केला असता, ओळख पटली नाही म्हणून.

"आगं बया! ह्यो मरतोय का काय?" भागूबाई भिंतीला टेकली.

सोनाने माठातलं पाणी तांब्यात घेऊन माझ्यापुढे ठेवलं. "बसा, भाई. तासभरानं उतरतंय," ती म्हणाली. आदल्या दिवसापासून मी ऐकलेलं तिचं पहिलं मोठं वाक्य. रोगी कंपाउंडरला धीर देत होता.

रामजीबाबा मात्र पक्का. माझ्याभोवती फिरून त्याने मला बाजारातल्या बैलासारखं न्याहाळलं. "तुमी औषधवालं. तुमच्या अंगात काय काय असंल. मला द्या त्या गोळ्या."

"बाबा, आज एकादशी ना तुमची?"

"व्हय. गोळी उपासाला चालती का? मासळीची तर न्हाई?"

"मुंगीसुद्धा मेलेली नाही यात, बाबा."

"मंग द्या."

सावळ्या माणसाची लाली वेगळीच असते. नुकताच चिंचेने घासलेला तांब्या जसा. म्हाताऱ्याची सुरुवात टकलापासून झाली. पागोटं उतरवलं, उपरणं उतरवलं, आणि तो माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. दोघेही खाजवतोय. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "भाई, ह्ये असं हिला झालं व्हय सकाळी?"

"असंच."

"अन् मी पायानं ढकललं तिला. चुलीपासनं लांब हो म्हनून."

तेवढ्यात दाराशी सायकलची घंटी वाजली. डॉक्टर आत आले आणि बाकाकडे बघत राहिले.

"आज रंगपंचमी आहे का?"

म्हाताऱ्यानेच सगळं सांगितलं. डॉक्टरांचा आवाज उतरला. "पण या गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या होत्या. रिकाम्या पोटी कुणी घ्यायला सांगितल्या?"

"माझीच चूक झाली, डाक्टरसाहेब," सोना म्हणाली.

इतक्या सहज म्हणाली. घरातलं सगळं सांडलेलं, करपलेलं, बिघडलेलं जसं ती आपल्या नावावर घेत आली असेल, तशीच माझी चूकही तिने उचलून पदरात घातली. मला फक्त गप्प बसायचं होतं. लाल तर मी होतोच, त्यामुळे शरमेची लाली वेगळी दिसली नसती.

"तिची नाही, साहेब," मी म्हणालो. "मीच सांगितलं. अनशापोटी म्हणून. तिने दोनदा म्हणून दाखवलं, मी शाब्बास म्हणालो."

रामजीबाबा खाजवता खाजवता थांबून म्हणाला, "म्हंजी तुमच्या तोंडापायी माझी सून आश्रमात निघाली हुती."

एवढंच. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी मला बाजूला सारलं आणि भागूबाईला विचारलं, "घरात जेवतं कोण कधी?"

"आदी ह्ये. मंग पोरीला भरवून मी. मंग ती. सून शेवटीच जेवती की."

"तोवर काय उरतं?"

"भाकरी उरती. ठेचा. डाळ-कोरड्यास उरलं तर उरलं."

डॉक्टरांनी दूध सांगितलं, डाळ सांगितली, शेंगदाणे सांगितले. म्हातारा मान डोलवत होता. ती मान मला ओळखीची होती. खिडकीतून रोज शंभर बघायचो. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत टिकणारी मान. त्या मानेने सोनाचं काही होणार नव्हतं. मग माझं तोंड पुन्हा सुटलं, आणि या वेळी मी ते मुद्दाम सोडलं.

"बाबा, मावशी, नीट ऐका. ही गोळी रिकाम्या पोटावर कशी उलटते ते तुम्ही पाहिलंत. अर्ध्यामुर्ध्या पोटावरही उलटेल. हिने गरम भाकरी, डाळ, मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर दूध घ्यायचं, आणि तेही घरात सगळ्यांच्या आधी. सगळ्यांच्या मागून जेवली आणि गोळी घेतली, तर पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"सगळ्यांच्या आदी?" भागूबाई म्हणाली. "ह्यांच्याबी?"

"बाबांच्याही."

म्हाताऱ्याने आपल्या तापलेल्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाला, "वाढ गं तिला आदी. पुन्यांदा ह्ये नगं."

गाडी नगरकडे न जाता गावाकडे वळली. डॉक्टर हात धुऊन आले आणि म्हणाले, "सगळ्यांच्या आधी जेवायचं, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"भिंगारच्या आवृत्तीत आहे, साहेब."

"हं," ते म्हणाले. नोकरी राहिली, एवढं त्या हुंकारावरून कळलं.

पुढच्या बाजारी सोनाची जीभ सुधारली होती, पोट ठिकाणावर आलं होतं. तीन आठवड्यांत हातांची काळी साल गळाली आणि खालून कोवळी, गुलाबी कातडी आली. त्या दिवशी पोरगी तिच्या कडेवर होती आणि आईच्या कानातलं ओढत होती. भागूबाई खिडकीशी येऊन कुरकुरली, "आदी हिला वाढते बरं का. आळी हसती. म्हातारा थाळी म्होरं घेऊन बसतो, पर बोलत न्हाई." गोळ्या संपल्या. डॉक्टर म्हणाले, आता खाणं चालू राहिलं तर गोळीची गरज नाही. आणि खाणं चालू राहिलं, कारण ते कधी थांबवायचं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मला केवढा गर्व झाला! पुढचं वर्षभर ही गोष्ट मी ऐकेल त्याला सांगितली. प्रत्येक वेळी माझ्या चुकीचा भाग थोडा आखूड आणि हुशारीचा भाग थोडा लांब होत गेला.

मग दुसरा उन्हाळा आला. बाजारच्या दिवशी ती गाडी दिसली. सोनाचे हात स्वच्छ. पोरगी आता पळत होती आणि सोना तिच्यामागे. रामजीबाबा गाडी लिंबाखाली सोडत होता. भागूबाई एकटीच खिडकीशी आली.

"भाई, हाताला लावायला मलम हाय का काय? उनानं भेगा पडल्यात."

तिने पदरातून हात बाहेर काढले. बांगड्यांच्या वर नीट, बांगड्यांच्या खाली काळे.

मी मलमाची बरणी उचलली आणि परत ठेवली. "मावशी, तुम्ही कधी जेवता आता?"

"आदी ती. मंग ह्ये. मंग मी. कुनीतरी शेवटी जेवायलाच लागतंय की."

"आणि काय उरतं?"

"भाकरी उरती," ती म्हणाली.

वर्षभर मी त्या घरातल्या एका माणसाच्या हातांची बढाई मारत होतो, आणि ते बरे होत असताना जे हात तिला वाढत होते, ते मी एकदाही पाहिले नव्हते. शेवटची जागा मी हटवली नव्हती. फक्त एका बाईखालून काढून दुसरीखाली सरकवली होती. मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते बाहेर आले, तिची जीभ पाहिली, माझ्याकडे पाहिलं. त्या गोळ्यांची बाटली तर रिकामी. नवी कधी येईल, देव जाणे.

मी लिंबाखाली जाऊन रामजीबाबाला घेऊन आलो. "बाबा, मावशींचे हात बघा."

त्याने पाहिले. चाळीस वर्षांच्या संसारात ते हात असे उघडे धरून त्याने कधी पाहिले असतील असं मला वाटलं नाही.

"भागे, ह्ये कवापासनं?"

"इचारलं कुनी?"

म्हातारा माझ्याकडे वळला. "आता आदी कोन जेवायचं, भाई? तुमीच सांगा. तुमीच मागं सांगितलं हुतं."

आयुष्यभर माझ्या जिभेवर तयार वाक्य असायचं. त्या वेळी नव्हतं. "मला नाही माहीत, बाबा," मी म्हणालो. "कुणी शेवटी राहिलं नाही म्हणजे झालं."

डॉक्टरांनी दूध, डाळ, शेंगदाणे पुन्हा एकदा सांगितले. म्हाताऱ्याने या वेळी मान डोलावली नाही. बाजारात गेला, शेंगदाणे आणि गूळ घेऊन आला. लिंबाखाली गाडीच्या सावलीत त्याने स्वतः भाकरीचं फडकं सोडलं, भाकऱ्या मोडल्या, त्यांवर शेंगदाणे ठेवले आणि दोघींपुढे, आपल्यापुढे वाटण्या केल्या. मी खिडकीतून बघत होतो. तो भागूबाईकडे बघत बसला, हातात घास तसाच. ती त्याच्याकडे बघत बसली. त्याने खाल्ल्याशिवाय ती तोंड उघडेना, आणि तिने खाल्ल्याशिवाय तो उघडेना. बराच वेळ दोघं तशीच, एकमेकांवर नजर रोखून, जशी काही कुस्ती लागलीय.

सोनाने पोरीच्या तोंडात घास घातला, स्वतःच्या घातला आणि भरल्या तोंडाने म्हणाली, "खावा की वो दोघंबी. गाडी जुंपायचीय."